फेकण्याआधी पोचलेली ज्योत

शनिवारी संध्याकाळी तळवलीच्या मैदानात चपलांचा एवढा ढीग पडायचा, की आपली जोडी परत मिळणं हाच खरा चमत्कार. मंडपात उंच पाटावर ज्योतनाथ महाराज बसलेले असायचे. त्यांच्या तळहातावर लाल ठिपका चमकला की बाया हात जोडायच्या, पुरुष डोळे पुसायचे. मग महाराज हात झटकून ज्योत फेकायचे आणि ती म्हणे त्याच क्षणी पार तीन-चार किलोमीटरवरच्या पावणे गावात, पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने बसलेल्या रोग्यांच्या छातीवर उमटायची.

"शरीर यहाँ, ज्योत वहाँ! बीच में ना तार, ना टाइम!" महाराज गरजायचे. माणूस मूळचा रायगडचा, पण अंगात आलं की हिंदी बोलायचा. देवाला मराठी येत नसावं.

मला आधी हसू यायचं. पण आमच्या बिल्डिंगमधला मधुकर बायकोला, अरुणाला घेऊन तिथे जायला लागला तेव्हा हसू पळालं. त्याच्या नऊ वर्षांच्या ईश्वरीला मधुमेह होता. रोज इन्सुलिन मिळालं नाही तर असं मूल जगत नाही, इतका साधा हिशोब. महाराजांनी सांगितलं होतं, तिसऱ्या ज्योतीच्या दिवशी सुई बंद. तो शनिवार उजाडला. माझी बायको पायल नर्स आहे. ती दुपारी जिना चढून धापा टाकत आली.

"धम्मपाल, सकाळचं इंजेक्शन दिलंच नाहीये. पोरगी सारखी पाणी पाणी करतेय, उलटीपण झाली. अरुणा मला आत घेत नाही. पावण्याला न्यायची तयारी करतेय."

मी मधुकरला जिन्यातच गाठलं. "अरे, तो लेझर आहे. किल्लीच्या रिंगला लावून वाशीला रस्त्यावर विकतात."

"असेल लेझर," तो म्हणाला. बँकेतला माणूस, अगदीच भोळा नव्हता. "पण बाबा तळवलीत हात झटकतात त्याच टायमाला पावण्यात कसा दिसतो, ते सांग ना. मुहूर्त ठरलेला नसतो. कधी सव्वासहा, कधी पावणेसात. बाबांसमोर फोन नाही, काही नाही. मी नि अरुणाने घड्याळं बातम्यांवर लावून चेक केलंय. सेम मिनिट!"

"मिनिट सेम. आणि सेकंद?"

"आता सेकंदात नको शिरूस यार. मला टेन्शन कमी आहे का?"

सेकंदात शिरणं हाच माझा धंदा. महापेच्या आमच्या कंपनीत काचेच्या लांबच लांब तंतूच्या दोन टोकांना दोन लेझर बसवलेत, आणि ते एकाच क्षणी चमकले पाहिजेत. ऐकायला सोपं आहे. पण दोघांना ठोका देणारं काहीतरी एक लागतं, आणि तो ठोका पोचायला वेळ लागतो. अगदी प्रकाशालासुद्धा लागतो. तो वेळ मोजून वजा केला नाही तर दोघं कधीच जुळत नाहीत. आम्ही शिकलेसवरलेले लोक त्यापायी महिनोन्महिने डोकं फोडतो, आणि हा महाराज पाटावर बसून जुळवतो! तेव्हा लेझर कुठे लपवलाय हे शोधण्यात अर्थ नव्हता. ठोका कोण देतं, ते शोधायला हवं होतं.

"एक काम कर," मी म्हटलं. "मंडपाशेजारी पीसीओचा फोन आहे, पावण्याच्या शेडसमोरही आहे. पायल तिथून शेडमध्ये बघत बोलत राहील. तू फक्त रिसीव्हर कानाला लाव आणि बाबांकडे बघ. बाबा खरे निघाले तर सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडतो."

मधुकर तयार झाला. श्रद्धा पक्की होती, म्हणूनच तयार झाला.

संध्याकाळी मंडप गच्च भरला. "मौन पाळा! कोणी खोकायचं नाही!" सेवेकरी ओरडला. हे मौन मला पहिल्यापासून खटकत होतं. देवाला शांतता आवडते, कबूल. पण भक्ताच्या खोकल्याने बिघडणारा देव मी ऐकला नव्हता.

महाराज डोळे मिटून, तळहातावर ठिपका घेऊन बसले होते. मधुकर रिसीव्हर कानाला लावून उभा. एवढ्यात पायलचा आवाज फुटला, इतका मोठ्याने की शेजारी मलाही ऐकू आला.

"आला! ईश्वरीच्या छातीवर ठिपका आला!"

मधुकरने महाराजांकडे पाहिलं. महाराज दाढी खाजवत होते.

"आला?" मधुकर पुटपुटला. "पण यांनी अजून फेकली कुठे?"

मग अगदी सावकाश, दक्षिणेकडच्या डोंगरातून एक दबका आवाज आला. धडाम! महाराज ताडकन उठले आणि त्यांनी हात झटकला. "जा ज्योत!"

वरातीमागून घोडं सगळ्यांनी ऐकलंय. इथे घोडं मांडवात पोचलं होतं आणि वरात अजून निघायची होती.

तो धडाका पावण्यामागच्या दगडखाणीतल्या सुरुंगाचा. संध्याकाळी कधीतरी उडतो, वेळ नक्की नसते. रोजचाच आवाज, त्यामुळे कानावर पडूनही कोणी ऐकत नाही. महाराजांचा चेला गोटीराम शेडच्या माळ्यावर दडून तेवढाच ऐकायचा. खाण जवळ, म्हणून त्याला लगेच ऐकू यायचा आणि तो लेझरचं बटण दाबायचा. तोच आवाज तळवलीला यायला मात्र दहाबारा सेकंद लागायचे, कारण एक किलोमीटर जायला आवाजाला तीन सेकंद लागतात. शाळेच्या पुस्तकात आहे हे. तो दबका आवाज ऐकू यावा म्हणून मंडपात मौन, आणि तो ऐकला की महाराज हात झटकायचे. पायलचा शब्द टेलिफोनच्या तारेतून पापणी लवायच्या आत आला, म्हणून सुरुंगाच्या पुढे निघाला.

मधुकरला हे समजावायची गरजच पडली नाही. तो फोनमध्ये किंचाळत होता, "पायलवहिनी, अरुणाला बोलवा! अरुणा, ऐक, सगळं खोटं आहे! सुई देऊ दे तिला! आधी सुई!"

"मौन पाळा!" सेवेकरी अंगावर धावून आला.

"तू पाळ मौन!" मधुकर ओरडला. "माझी पोरगी मरतेय तिकडे!"

पायलच्या पर्समध्ये इन्सुलिन तयारच होतं. तिथून ईश्वरीला रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. शेडमधल्या लोकांनी गोटीरामला माळ्यावरून किल्लीच्या रिंगसकट खाली उतरवला. महाराज पाट तिथेच टाकून अंतर्धान पावले. तेवढा एक चमत्कार त्यांना खरंच जमला.

ईश्वरी वाचली, पण थोडक्यात. सलाइन लावलेल्या हाताने तिने माझी बाही ओढली. "काका, महाराजांनी ज्योत फेकलीच नव्हती, तर मला लागली कशी?"

मधुकर भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मला त्याचा राग आला होता, तो तिथे विरला.

एवढाच प्रश्न, लहान पोरीला पडणारा. तो मंडपातल्या कोणालाच सुचला नसेल असं नाही. गप्प बसा म्हटल्यावर प्रत्येकाने तो गिळला, आणि त्या गिळलेल्या प्रश्नावर महाराज जगत होते. म्हणून एवढंच सांगतो. देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण औषध बंद करायला सांगून वर कोणी 'मौन पाळा' म्हणाला, तर खुशाल मोठ्याने खोका, आणि विचारा, ठोका कोण देतंय?