राहूकाळातली भट्टी

सोलापूरच्या शेंगाचटणी कारखान्यात चंद्रिकानं पहिला प्रोग्राम लिहिला. भट्टीचं तापमान दर मिनिटाला डेटाबेसात जायचं. मालकांना पटलं, तरच नोकरी पक्की.

मालक चन्नवीरअण्णांची अट एकच, "राहूकाळात एकबी नोंद नको की!"

म्हणून चंद्रिकानं त्या दीड तासाच्या नव्वद नोंदींवर राहूकाळ संपल्याची वेळ घातली. पण एकाच वेळेच्या अनेक नोंदी आल्या, तर डेटाबेस एकच ठेवतो. नवी आली की जुनी पुसली. नेमके एका राहूकाळातच दाणे जळाले आणि उरलेल्या शेवटच्या नोंदीत, तोवर विझवलेली भट्टी गार.

अण्णांनी काळा दाणा चावला. "कवा जळालं?"

"नोंद न्हाय, अण्णा."

"म्हंजी राहूकाळात कायबी घडलं न्हाय! पोरी, तू पक्की."

दाणे भाजणारी काशम्मा तेव्हापासून मोबाईल राहूकाळातच बघते.