खिशात सापडलेल्या वस्तू

व्यासपीठामागच्या खोलीत पाळकांनी कोटावरचं प्लास्टिकचं आवरण ओढून काढलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. वरच्या काजात दोऱ्याने बांधलेली एक छोटी पारदर्शक पिशवी लोंबत होती. लाँड्रीची ती पद्धतच होती. धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशात जे सापडेल ते पिशवीत घालायचं, चिठ्ठी लावायची आणि कपड्याबरोबर परत करायचं. चिठ्ठीवर नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'खिशात सापडलेल्या वस्तू: तीन'. एक पेनाचं टोपण, एक खोकल्याची गोळी आणि तळहाताएवढी निळी वही.

वही दिसताच त्यांनी पिशवी सोडवून टेबलावर पालथी ठेवली.

"साहेब!" बाहेरून प्लंबरने हाक मारली. "आणखी एक पायरी उघडी पडली!"

प्रार्थनामंदिराच्या व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचा हौद होता. या मंडळीत डोक्यावर पाणी शिंपडून भागत नसे. कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, पाळकांनी पाठीला हात द्यायचा आणि माणसाने अख्खं पाण्याखाली जाऊन वर यायचं. पण गेली दहा वर्षं हौदावर फळ्या होत्या आणि आत मोडक्या खुर्च्या, फाटकी गीतपुस्तकं आणि एक बंद पडलेला पंखा सुखाने नांदत होते. तो संसार बाहेर काढून शुक्रवारी हौद भरला. रविवारी सकाळी पाहिलं तर तळाशी तडा. आता प्लंबर पँट गुडघ्यावर गुंडाळून आत उभा होता, तड्यात चिंधी कोंबून त्यावर टाच दाबून. पँट केव्हाच भिजली होती, पण तशी गुंडाळली की काम रीतसर वाटतं म्हणे.

"अर्धा तास धरा," पाळक वाकून म्हणाले.

"अर्धा धरतो. पाऊण म्हणालात तर टाच माझी राहणार नाही."

पाळकांनी दाराच्या फटीतून बाकांकडे नजर टाकली आणि सवयीने मोजलं. एकोणीस. ते या शहरात आले तेव्हा दोनशे माणसं होती. मग कुणाची मुलं दूर गेली, कुणी भांडून गेलं, आणि बाकीचे ज्या वाटेने सगळेच जातात त्या वाटेने गेले. तेव्हापासून मोजण्याचा नाद लागला होता. बसच्या रांगेत, दवाखान्यात, मयतीला, कुठेही उभे राहिले की त्यांची नजर डोक्यांवरून सरकायची. "स्वर्गात गेलात तरी दारातच उभे राहाल मोजत," पाळकीणबाई म्हणायच्या.

आज मात्र विसावा माणूस पहिल्या बाकावर बसला होता, मांडीवर फाइल घेऊन. मुख्य कार्यालयाचे तपासनीस. ज्या मंडळीत दहा वर्षांत एकही नवा माणूस आला नाही, ती नदीपलीकडच्या मोठ्या मंडळीत सामावून घ्यायची असा नियम होता. पत्रात शब्द 'सामावून' असाच होता. इमारतीचं काय होणार ते दुसऱ्या पानावर होतं. दहा वर्षं आज पुरी होत होती, आणि लाँड्री चालवणारी ती बाई पाण्यात उतरली की नियम टळणार होता.

पण ती आली नव्हती, आणि वही तिच्या हाताखालून गेली होती.

ही वही कार्यालयानेच सक्तीची केली होती. लोक येत नाहीत म्हणून रडत बसू नका, उठा, दारं ठोठवा, सुवार्ता सांगा, आणि रोज काय केलं ते लिहा. पाळकांना ते पटलंही होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते घरोघर हिंडले. काहींनी दार लावलं, काहींनी पाणी विचारलं, एकाने वीजबिलाचे समजून मीटर दाखवलं. मग एक दिवस इस्पितळात लाँड्रीवाली भेटली. तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. पाळक दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. सात आठवडे रोज संध्याकाळी सहाला. म्हातारीच्या उशाशी बसून ते भावाभावांची एक मोठी, जुनी गोष्ट वाचायचे, आणि म्हातारी वाकड्या ओठांनी मध्येच शंका काढून त्यांना भंडावून सोडायची. शेवटी लेक म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता तसं करते मी. घेते बाप्तिस्मा." त्या दिवशी वहीत एकच शब्द होता: 'होकार'.

त्याच्या सात आठवडे आधीच्या पानावर काय होतं, तेही त्यांना पाठ होतं.

मागचं दार वाजलं. लाँड्रीवाली आत आली. हातावर पांढरा झगा, इस्त्री केलेला, चार घड्यांचा. तिची नजर आधी कोटाकडे गेली, मग टेबलावरच्या पिशवीकडे.

"पिशवी मिळाली ना, साहेब?"

सात आठवडे ती काका म्हणत होती.

"वाचलीत?" पाळकांनी विचारलं.

"खिसे बघणं माझं काम आहे. वाचणं नाही. पण वही भिजली का बघायला उघडली, तर लाँड्री असं दिसलं." ती जरा थांबली. "लाँड्री. आई अत्यवस्थ. मुलगी एकटी, घाबरलेली. हीच वेळ."

एकही शब्द चुकला नाही.

"ते कार्यालयाला लिहून द्यावं लागतं," पाळक म्हणाले.

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

भिंतीपलीकडे ऑर्गनवर पाळकीणबाईंनी तेच गीत तिसऱ्यांदा सुरू केलं. गीत संपलं की पाळकांनी बाहेर यायचं ठरलं होतं. न येणाऱ्या नवऱ्यासाठी त्या कडव्यांवर कडवी ओढत होत्या.

"नाही," पाळक म्हणाले. "लिहिलं त्या दिवशी तसंच मनात होतं."

"आणि नंतर?"

नंतर म्हातारी हसायची ते ऐकायला बरं वाटायचं. घरी जाताना उद्या ती काय विचारेल याचा विचार व्हायचा. हे सगळं खरं होतं, पण आता ते सांगणं म्हणजे पकडल्यावर गयावया केल्यासारखं झालं असतं.

"आईला घरी आणून तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "मी हो म्हटलं, आणि त्यानंतर तुम्ही एकदाही आला नाहीत."

"हौदाचं काम निघालं..." त्यांनी सुरुवात केली आणि त्यांचीच त्यांना लाज वाटली.

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारता ना, स्वखुशीने आलात का म्हणून? मी तिथेच नाही म्हणणार होते. तोंडावर. काल दिवसभर घोकलं. पण आत्ता येताना एक आजी पायऱ्यांचा कठडा पुसत होत्या. मला म्हणाल्या, सावकाश ये गं, निसरडं झालंय." तिने झगा एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "म्हणून आधी इथे आले. आता तुम्हीच सांगा. म्हणू का हो? तेवढ्याने तुमचं मंदिर राहत असेल तर म्हणते. सात आठवडे आलात, त्याची फेड झाली समजा."

"साहेब!" हौदातून आवाज आला. "पायाला मुंग्या आल्यात!"

पाळकांनी फटीतून पाहिलं. तपासनीस घड्याळ बघत होते. मागच्या बाकावर तीन म्हाताऱ्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या. नदीपलीकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. त्या तिघींना एक बससुद्धा झेपत नव्हती. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो शब्दही दुसऱ्याच कुणी उच्चारायचा होता.

"कपडे बदलायची खोली उजव्या हाताला," पाळक म्हणाले.

तिने मान डोलावली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट आपण ओळखलं होतं ते बरोबर निघालं, अशा माणसासारखी ती शांत झाली आणि निघाली. दारातून जाताना झग्याची घडी सुटली आणि त्याची कड चौकटीवर घासली. टक, टक, टक असा आवाज झाला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"वजनं." तिने मागे न बघताच सांगितलं. "तुम्ही म्हणाला होतात, पाण्यात झगा वर येतो, बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतं. म्हणून घेराला आतून शिवलीत."

"कधी?"

"काल. वही वाचल्यावर. काम अर्धं ठेवायची सवय नाही मला."

पाळक त्या कडेकडे बघत राहिले. घेराला बोटभर अंतरावर एकेक गोल, बारीक टाक्यांनी पक्का बसवलेला. लोकांसमोर नाही म्हणायचं घोकता घोकता तिने ते शिवले होते. त्यांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"थांबा," ते म्हणाले. "झगा राहू द्या. आणि तुम्ही काही बोलू नका."

कोट न घालताच, वही हातात घेऊन ते व्यासपीठावर आले. ऑर्गन कडव्याच्या मध्यावरच थांबला. पाळकीणबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पेडलवरून पाय काढून घेतले.

"आज बाप्तिस्मा होणार नाही," पाळक म्हणाले. "का होणार नाही ते वाचून दाखवतो."

त्यांनी ते पान वाचलं. दुकानाचा उल्लेख गाळला, बाकी सगळं वाचलं. 'हीच वेळ' म्हणताना आवाज चिरकला, म्हणून ते दोन शब्द पुन्हा, नीट वाचले.

"हे माझं अक्षर आहे. त्या ताईंची काही चूक नाही. मला माणूस हवा होता, तो सापडला. त्याला जवळ करायला गेलो आणि होकार मिळाल्यावर वाट विसरलो."

मागच्या बाकावरून कठडा पुसणाऱ्या आजींचा आवाज आला, "मग आपलं कसं?"

"मला माहीत नाही, आजी."

तपासनिसांनी पेनाला टोपण लावलं. ते वाईट माणूस नव्हते. "हे मला लिहावं लागेल," ते हळूच म्हणाले.

"लिहा."

"म्हणजे," व्यासपीठाखालून प्लंबरने विचारलं, "पाय काढू का मी?"

तपासनीस दचकून उभेच राहिले. ऑर्गनमुळे हाका ऐकू आल्या नव्हत्या, आणि हौदात माणूस आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारी खुदकन हसली आणि मग तोंडाला रुमाल लावून रडायला लागली.

"काढा," पाळक म्हणाले.

पाणी तड्यातून निघून गेलं. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे बसून तो आवाज ऐकत राहिले. पाळकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. झगा खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवला होता.

संध्याकाळी सहाला पाच मिनिटं असताना पाळक लाँड्रीच्या मागच्या दाराशी उभे होते. वही घरी टेबलावर राहिली होती. बेल वाजवायला हात तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. शेवटी दार आतूनच उघडलं. लाँड्रीवालीच्या हातात ओल्या चादरींची टोपली होती. ती जरा बाजूला झाली, इतकंच.

म्हातारी खिडकीपाशी खाटेवर होती. उजवा हात उशीवर ठेवलेला, डाव्या हातात काठी.

"कशाला आलात?" शब्द जड होते, पण धार तीच होती. "पोरगी नाही म्हणाली ना?"

"तिला नाही म्हणायची वेळ आली नाही. मीच म्हणालो."

"तुमचं देऊळ गेलं म्हणे."

"जाईल बहुतेक."

"मग आता इथे काय काम?"

पाळकांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "गोष्ट अर्धीच राहिली होती."

म्हातारीने त्यांना निरखलं. मग म्हणाली, "थांबा. लगेच सुरू करू नका." आणि डाव्या हाताने काठी उचलून तिने शेजारच्या भिंतीवर चारदा ठोकलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जिन्यावर पावलं वाजली. दारात एक बाई आली, स्वतःचं स्टूल घेऊन. तिच्या मागे दुसरी, चष्मा शोधत. मग एक म्हातारा, बायकोला धरून. सगळे आपापल्या ठरलेल्या जागी बसावेत तसे बसले.

"तुम्ही यायचे थांबलात," म्हातारी म्हणाली, "म्हणून मीच सांगत होते यांना, मला आठवेल तसं. रोज सहाला. पण मधलं चुकतंय माझं. हा बाबा तर रोज भांडतो, असं कसं झालं म्हणून."

"भांडणारच," म्हातारा म्हणाला. "भाऊ असे वागतील का?"

लाँड्रीवाली टोपली खाली ठेवून दाराच्या चौकटीला टेकली.

पाळकांची नजर सवयीने डोक्यांवरून सरकायला लागली. एक, दोन, तीन. तिथे ते थांबले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुस्तक उघडलं.

"कुठवर आलो होतो आपण?" त्यांनी विचारलं, आणि सगळे एकदमच सांगायला लागले.