लेकीला मंडईचं बोलावणं

पस्तीस वर्षं मी सानगडीच्या शाळेत मराठी शिकवलं. वहीत 'गंज पोरं' लिहिणाऱ्याला मी 'असंख्य बालके' असं दहादा लिहायला लावायचो. माझ्यापुढे सरपंचसुद्धा जपून बोलायचे. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. उगाच नम्रपणा कशाला?

बायको, सत्यभामा, दोन वर्षांमागे गेली. तेरवीला मी तिच्यावर पंधरा मिनिटं बोललो. लोक म्हणाले, वा गुरुजी! त्यानंतर मुलगी तृप्ती पुण्याहून एकदाही आली नाही. रजा नाही, तिकीट नाही. कारणांना काय तोटा!

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि लेकीबाळी माहेरी येतात. यंदा तरी तिनं यावं म्हणून सकाळभर बसून मी मोबाइलवर लिहिलं, 'प्रिय कन्ये, एकांताच्या या निबिड अरण्यात तुझ्या आगमनाची चाहूल ऐकण्यास हे जर्जर कर्ण आतुरले आहेत.' 'जर्जर'वर तर मी स्वतःच खूश झालो.

उत्तर आलं, 'मस्त आहे बाबा. कोणी पाठवलं?'

तिला तो इकडून तिकडे फिरणारा मजकूर वाटला. तिनं मैत्रिणींनाही पाठवला असावा, कारण तिसऱ्या दिवशी तो आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आला. मागे मावळता सूर्य, खाली 'अनामिक'. चौघांनी हात जोडले होते. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

तेवढ्यात शेजारची पंचफुला वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आली. माझा चेहरा पाहून तिनं कारण विचारलं, मी मजकूर वाचून दाखवला.

"हे पोरीले लिवलं, गुरुजी?"

"हो."

"ये म्हनाचं हाय, तं ये म्हना ना! भाषन कायले देता?"

मी चिडलो. वाटी घेतली आणि दार लावलं. जेवायला बसलो, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. शेवटी ताट सरकवून लिहिलं, 'तृप्ते, तुही माय गेल्यापासून घर खायले उठते. मंडईले ये.'

असं वाक्य मी शाळेत कुणाला खपू दिलं नसतं. पाठवल्यावर लाजच वाटली.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"कोण बोलते? बाबांचा फोन तुमच्याकडे कसा? बाबा बरे आहेत ना?" तृप्तीनं एका दमात विचारलं.

"मीच आहे, बाई."

"मग हे कोणी लिहिलं?"

"मीच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, आईच्या तेरवीत तुम्ही इतकं छान बोलले, मले वाटलं तुम्ही सावरले. मी तर अजून सावरली नाही. तुमच्यापुढं रडाची लाज वाटे, म्हणून येतच नव्हती."

काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला.

"रडा, बाबा," ती म्हणाली. "मंडईची वाट नाही पाहत मी, शनिवारीच येते. फक्त आता फोन ठेवू नका."