शेपटीची खाच

सकाळपासून माझा पाय जागेवर ठरत नव्हता. अकराला समितीपुढे माझा अहवाल होता आणि मला कायम करण्याचा कागद त्यालाच जोडलेला. समुद्री जीवशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं मी कंत्राटावर मासे मोजतेय. धक्क्यावर मला सगळे फूटपट्टी म्हणतात. आई रोज फोनवर एकच विचारते, "झालीस का गं पक्की?"

मुखपृष्ठासाठी एक फोटो राहिला होता, म्हणून आठला धक्क्यावर गेले. लिलाववाली मावशी मासा मोजत होती, तोंडापासून शेपटीच्या दोन टोकांमधल्या खाचेपर्यंत.

"मावशी, टोकापर्यंत मोजायचं!" मी शहाणपणा शिकवला.

"टोकं बर्फात मोडतात, फूटपट्टे. त्यांचं कसलं माप? नियमातही खाचच आहे की."

धावत ऑफिस गाठलं, नियमांचं पुस्तक उघडलं. खाच! मी चार हजार मासे टोकापर्यंत मोजले होते, म्हणजे प्रत्येक मासा तीनेक सेंटिमीटर जास्त. 'मासे पुरेसे मोठे आहेत, मासेमारीवर बंदी नको,' असं ठणकावून लिहूनही टाकलं होतं. खरं तर खाचेच्या मापानं त्यातले निम्मे लहानच होते, एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेले. मूर्ख कुठली! हे पुस्तक पहिल्याच दिवशी हातात दिलं होतं, पण मला सगळं येत होतं ना!

साहेबांना सांगितलं. ते चहा ढवळत राहिले.

"मासे काय तक्रार करायला येणारेत? आज मंजूर होऊ दे. पुढच्या वर्षी सुधारू."

"तोवर काही उरायला नको का, साहेब?"

"अहवाल मागे घेतलास तर तुझा कागदही मागे जाईल. बघ बाई."

जिन्यात उभी राहून आईला फोन लावला. तिचं शिवणयंत्र खडखडत होतं. मी भडाभडा सगळं सांगितलं. यंत्र थांबलं. मला रडूच फुटलं.

"गिऱ्हाईक कपडा घेऊन गेलं का?" तिनं विचारलं.

"नाही. अकराला नेणार."

"मग उसव की. रडतेस काय?"

"आई, नोकरी जाईल गं."

ती म्हणाली, "किती मासे म्हणालीस?"

"चार हजार."

"अगं बाई!" यंत्र पुन्हा सुरू झालं. "मग उभी काय राहिलीस?"

अकराला पाच कमी होते. मी डोळे पुसले, आत समितीपुढे गेले आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हा अहवाल चुकलाय. मापं मी घेतली होती."