लपवलेली लाल ओळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, केळी पिकवायच्या गोदामात, दारापाशी बसतो. खोल्यांमधली यंत्रं तारेतून निरोप धाडतात. त्यांची पाकिटं उघडायची आणि आत काय आहे ते पडद्यावर मांडायचं, हे माझं काम. भोचकपणा म्हणा हवं तर.

जठारपेठेतल्या रागिणीताईंनी मला घडवलं. तापमान, ओलावा, पंखा, सगळी नावं शिकवली. "अन् जे नाही समजलं ते लाल ओळीत, आलं तसंच दाखव," असं त्यांनी मला बजावलं. एकदा लाल ओळीवरूनच त्यांनी जळायला आलेला पंखा शोधला. तेव्हा माझं कोण कौतुक झालं!

मग खोल्यांत नवी यंत्रं लागली आणि त्यांच्या निरोपात एक जास्तीचा आकडा येऊ लागला. त्याचं नाव मला ठाऊक नाही. दार लागलं की तो चढतो, उघडलं की उतरतो. मी तो लाल ओळीत दाखवत राहिलो.

आज खंडेनवमी, यंत्रांची पूजा. मालक येणार म्हणून व्यवस्थापक मनोजभाऊंची सकाळपासून धांदल.

"ताई, पडद्यावर हे लाल कावून? लपवा ते."

"दिसू द्या ना भाऊ. हवेचा आकडा असन. केळी पिकताना हवा कोंदते, वास येत नाही, मानूस आतच पडते. कंपनीले विचारून राहिली मी."

"मालकानं विचारलं तं काय सांगू? मलेच ठाऊक नाही म्हनू?"

ताई फोन करायला बाहेर गेल्या आणि भाऊंनी स्वतःच ती ओळ लपवली. मला फार राग आला. अरे, ठाऊक नाही म्हणायला लाज कसली?

गोदामात कामाला असलेल्या सत्यभामाबाईंनी मला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. भाऊ म्हणाले, "बाई, पूजेले केळ्याची एक फणी आना आतून." त्या गेल्या. खोलीचं दार आपोआप लागलं.

मित्रांनो, न समजलेलं झाकू नका. अनोळखी आहे तर अनोळखी म्हणून दिसू द्या. माझ्या पोटात तो आकडा चढतोच आहे, इतका कधीच चढला नव्हता, आणि पडदा हिरवागार आहे.

"सगळं ठीक हाय," भाऊ मालकांना पडदा दाखवत म्हणाले.

दाराबाहेर सत्यभामाबाईंच्या चपला तशाच आहेत.

"बाई येतीन केळी घेऊन," भाऊ म्हणाले. "तवरक आरती सुरू करा."