पुसलेलं जहाज

नेजात शूर माणूस आहे, असं आमच्या कॉन्डोत, म्हणजे इमारतींच्या सोसायटीत, सगळे म्हणतात. इस्तंबूलच्या वर्तमानपत्रात तो तीस वर्षं व्यंगचित्रं काढायचा, सरकारशी भिडला, म्हणून देश सोडावा लागला, अशी हकिकत पोहण्याच्या तलावाभोवती फिरत असते. यातलं व्यंगचित्रांचं तेवढं खरं. देश त्याने नातीला सांभाळायला सोडला. मुलगी आणि जावई दोघंही कामावर जातात, म्हणून म्हातारा आणून ठेवला. मलाही तसंच आणलेलं आहे.

मी बेचाळीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली शेवटची पंधरा सारंग म्हणून. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. गंज खरवडायचा, रंग लावायचा, तोवर पुन्हा गंज. नेजातही जहाजं रंगवतो, पण कॅनव्हासवर. इथल्या समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट बागेत सकाळी कॅनव्हास टेकवायचा लाकडी घोडा मांडून समोर नांगरलेली जहाजं काढत बसतो. पहिल्या दिवशी मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि मला हसू आलं. पाच जहाजं, पाच दिशांना तोंडं. नांगरावरचं जहाज प्रवाहाकडे तोंड करून राहतं, सगळी एकाच बाजूला. बोटीवर आठवडा काढलेल्यालाही हे कळतं. मी मोडक्या इंग्रजीत त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, एकाच बाजूला तोंड केलेली माणसं तीस वर्षं काढली, आता कंटाळा आला. मग मला 'उस्ता' म्हणाला. त्यांच्या भाषेत कसबी कारागिराला म्हणतात.

सरकारशी तो कसा भिडला, ते त्यानेच मला सांगितलं. एका मंत्र्याचं चित्र काढलं होतं, त्यात मंत्र्याचा हात दुसऱ्याच्या खिशात होता. संपादकाने रात्रपाळी सुरू होण्याआधी बोलावलं आणि हात पुसायला सांगितला. याने पुसला. मंत्री नुसताच उभा राहिला, हात नसलेला. पुढे नऊ वर्षं हा मांजरं, पाऊस आणि वाहतुकीची कोंडी काढत बसला. निवृत्तीला जेवण दिलं, फुलं दिली. मग समुद्र काढायला लागला, कारण समुद्र कुणाला फोन करून तक्रार करत नाही. मला त्याची किळस आली. रोज सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचो, तरीही.

माझे जावई धैर्यशीलराव ज्या शिपिंग कंपनीत अधिकारी आहेत, तिला २०१६ साली पंचवीस वर्षं झाली. स्वागतकक्षात कंपनीच्या सगळ्यात मोठ्या जहाजाचं चित्र लावायचं ठरलं. जहाजाचं नाव 'मीनल', मालकांच्या आईचं. बाबांचे मित्र चित्रकार आहेतच, तर बाहेर कशाला शोधायचं, असं म्हणून काम नेजातकडे आलं. कंपनीच्या लाँचमधून त्याला जहाजाभोवती फिरवून आणलं. याने दोन महिने खपून मोठं चित्र केलं.

चित्र चांगलं होतं, हे मला म्हणावं लागेल. या वेळी प्रवाह बरोबर, नांगराची साखळी बरोबर. पण जहाजाच्या पोटावर मधोमध एक वर्तुळ असतं, त्यातून आडवी रेघ जाते, शेजारी आणखी काही रेघा. त्याच्या वर पाणी चढलं, की माल जास्त भरला असं समजायचं. नेजातच्या चित्रात ते वर्तुळ पाण्याखाली होतं, हिरवट, डुगडुगणारं. त्याला अर्थ माहीत नव्हता. दिसलं, सुंदर दिसलं, म्हणून काढलं. मी अर्थ सांगितला तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. इतक्या वर्षांनी चुकून व्यंगचित्र काढलं म्हणाला.

धैर्यशीलराव नेजातच्या घरी चित्र पाहायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. नेजात पाणी आणायला आत गेला तेव्हा ते मला म्हणाले, "बाबा, त्यांना म्हणावं जहाज जरा वर घ्या. फूटभर. कुणाला कळणार नाही." जहाज एवढं का भरलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरज नसावी.

मी निरोप सांगितला. नेजातने ब्रश पुसत विचारलं, तू असतास तर वर घेतलं असतंस का. तेव्हा मी त्याला ते सांगितलं जे माझ्या मुलीलाही माहीत नाही. एकदा मुख्य अधिकाऱ्याच्या हुकमावरून मी फळीवर लोंबकळत तेच वर्तुळ वीतभर वर रंगवलं होतं, खालची खरी खूण काळ्या रंगाने झाकली होती. बियरचे दोन डबे मिळाले.

"मग आपण सारखेच," तो म्हणाला.

मी म्हणालो, मुळीच नाही. माझी नोकरी गेली असती तर घरी चूल पेटली नसती. तुझं फार तर निवृत्तीचं जेवण गेलं असतं. तो चित्र दुरुस्त करतो म्हणाला. माणसाला पुसायची सवय लागली की सुटत नाही, असं मनाशी म्हणत मी घरी आलो.

समारंभाला दीडशे माणसं होती. चित्र नेजातने स्वतः येऊन लावलं आणि झाकलं होतं. भिंतीवर मखमली पडदा, त्याखाली पितळी पाटी. मालकांनी दोरी ओढली.

चित्रात जहाज नव्हतं. नुसता समुद्र होता. जहाजाच्या जागी त्याने पाणी रंगवलं होतं, लाट न् लाट, सकाळचा उजेड घेतलेली. टाळ्या पडल्या. कुणीतरी मॉडर्न म्हणालं. मालकांनी नेजातशी हात मिळवत फोटो काढून घेतला. दीडशे शिकलेली माणसं, अर्ध्याहून जास्त जहाजांवर पोट भरणारी, रिकाम्या पाण्याकडे बघून मान डोलावत होती.

मग निवृत्त कप्तान हेमचंद्र पुढे झाले. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली: 'मीनल', बांधणी २००४. ते मालकांकडे वळले आणि मयताला गेल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मला कुणी कळवलं नाही. कधी बुडाली?"

धैर्यशीलराव गर्दीतून माझ्यापर्यंत आले. "बाबा, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं होतं?"

"तुमचाच निरोप," मी म्हणालो. "त्यांनी जरा उलट्या बाजूला घेतलं."

चित्र दुसऱ्या दिवशी निघालं. बागेत नेजात पुन्हा घोडा मांडून बसला होता. माणसाने पन्नाशीत करायचं ते सत्तरीत केलं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"उस्ता," तो रंग कालवत म्हणाला, "तूही अजून मेला नाहीस."