दोन बोटं कमी

नवऱ्याने पेन्सिलने रेघ मारली आणि पातं बायकोपुढे ठेवलं. "इथून काप. माझा हात थरथरतो, तुझा सरळ चालतो."

सरळ चालणारच. आयुष्यभर तिने लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. केसभर चूक झाली तरी माणूस प्रत्येक घासाला शिव्या घालतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे पातं मात्र शिडाच्या फळीचं, म्हणजे विंडसर्फिंगच्या. फळीच्या बुडाशी, शेपटाकडे बसणारं, फायबरचं, चांगलं हातभर लांब. त्याच्याच जोरावर नवरा वीस वर्षं खोल पाण्यात वाऱ्याशी झोंबत आला होता. आठ महिन्यांपूर्वी हृदयाने दगा दिला. आता डॉक्टरांनी परवानगी दिली ती कमरेएवढ्या पाण्यापुरती, आणि तिथे एवढं लांब पातं वाळूत रुतलं असतं. म्हणून हा कापाकापीचा घाट.

तो आंघोळीला गेला. ती रेघेकडे बघत बसली. एवढं ठेवलं तर हा पठ्ठ्या आत, खोल पाण्यात जाणारच. भीती म्हणजे काय ते याला माहीतच नाही, आणि आपला जीव मात्र आठ महिने टांगणीला! तिने रेघ खोडली, दोन बोटं मुळाकडे सरकवून नवी मारली आणि मन बदलायच्या आत करवत चालवली. मग कानशीने टोक गोल केलं, मागची कड पातळ केली, वर ओला पॉलिशपेपर फिरवला.

"झकास!" नवरा म्हणाला. चष्मा कपाळावरच होता. लांबी काही त्याने मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळी घेऊन गेला. मागोमाग शिडं शिवणारा शेजारी, पातं धरून ठेवायला दिलेला आपला क्लॅम्प न्यायला आला. टेबलावरचा कापलेला तुकडा त्याने उचलला, वितीने मोजला आणि त्याचा चेहराच बदलला.

"वहिनी, एवढं कापलंत?"

"का? आखूड बरं ना? उथळ पाण्यात राहतील."

"अहो, आखूड पातं पाण्याला धरत नाही. फळी आडवी सरकते, वाऱ्याच्या उलट परत आणता येत नाही. आणि आज वारा किनाऱ्यावरून आत चाललाय."

आगीतून काढायला गेली आणि तिनेच त्याला फुफाट्यात ढकललं होतं. कापलेलं काही परत चिकटत नाही. ती तशीच निघाली, अंगावर कामाचा अ‍ॅप्रन, पायात घरातल्या चपला.

किनाऱ्यावर पोचताच शीड दिसलं. तो वळवायला बघत होता आणि फळी खेकड्यासारखी तिरकी आत सरकत होती. "अहो! उतरा! उतरा खाली!" ती ओरडली. वारा तिच्या पाठीमागून होता, आवाज पोचला असावा. शीड आडवं झालं. तो पाण्यात उतरला आणि दिसेनासा झाला. मग डोकं दिसलं, मग खांदे. पाणी छातीला लागत होतं. फळी ओढत तो पाऊल पाऊल येऊ लागला, मध्येच थांबत, छातीवर हात ठेवत.

ती चपलांसकट पाण्यात शिरली.

"मी कापलं दोन बोटं जास्त," ती रडतच म्हणाली. "तुमची रेघ खोडली मी. मला भीती वाटत होती."

तो धापा टाकत होता.

"माझ्या रेघेतच दोन बोटं कमी होती," तो म्हणाला. "मुद्दाम आखूड मारली होती, आत न जायला निमित्त हवं म्हणून. आत जायचा धीरच होत नाही गं आता."

"मग सांगायचं नाही का?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तिने फळीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघं किनाऱ्याकडे चालू लागली.